भोकाच्या पैशाची किंमत किती?



बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. नववीतल्या एका विद्यार्थ्याने तो शाळेच्या प्रयोगशाळेत आणला आणि माझ्या टेबलावर रिकामा केला. अडतीस नाणी खणखणत बाहेर पडली. डबा त्याच्या आजीचा. आजोबा सोलापुरातल्या कापडगिरणीत कामाला होते, तेव्हापासून तो घरातल्या फडताळात पडून होता. कोणी त्याकडे फारसे पाहिलेही नव्हते.

आठवड्यापूर्वी मात्र त्याच्या वडिलांच्या मोबाईलवर एक चित्रफीत आली. ‘मध्ये भोक असलेला १९४३ सालचा पैसा तुमच्याकडे असेल, तर पाच लाख रुपये मिळवा,’ असे तिच्यात सांगितले होते. खाली फोन क्रमांक होता. वडिलांनी फोन केला, तेव्हा पलीकडच्या गृहस्थाने नाण्याचे छायाचित्र मागवले, ‘वा, अस्सल आहे’ म्हणून सांगितले आणि नोंदणी शुल्क म्हणून काही हजार रुपये आधी पाठवायला सांगितले. डब्यात भोकाचे एकवीस पैसे होते.

“एकवीस गुणिले पाच लाख, सर,” तो म्हणाला. त्याने गुणाकार वहीत करूनच आणला होता.

वडील यंत्रमागावर काम करतात. मोठ्या मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून ते शुल्क भरायचे घरात जवळजवळ ठरले होते. मी त्याला एवढेच म्हटले, “वडिलांना एक दिवस थांबायला सांग. आपण आधी ही नाणी मोजू, तोलू आणि वाचू.”

तो दिवस आम्ही कसा घालवला, ते येथे सांगतो. तुमच्याही घरी असा एखादा डबा असण्याचा पुष्कळ संभव आहे.

डब्यात काय होते?

प्रथम आम्ही नाण्यांचे ढीग केले. भोकाचे पैसे २१. पंचम जॉर्ज आणि सहावा जॉर्ज या राजांचे मुखवटे असलेले मोठे पैसे ९. घोड्याचे चित्र असलेले पैसे ३. उर्दूसारखी अक्षरे असलेली नाणी २. राणी व्हिक्टोरियाचे १८६२ सालचे एक. एक जाड, ओबडधोबड तांब्याचा तुकडा, त्यावर ‘शिव’ एवढे वाचता येत होते. आणि एक पिवळसर मोठे नाणे: एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण व मारुती, तर दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ हे साल. आजीने हे शेवटचे नाणे वेगळ्या फडक्यात बांधून देव्हाऱ्याजवळ ठेवले होते.

आता हे पैसे म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू या. आजचा रुपया शंभर पैशांचा आहे. १ एप्रिल १९५७ पूर्वी तो सोळा आण्यांचा होता. एका आण्याचे चार पैसे आणि एका पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे किंवा १९२ पै. ‘पै पै जमवली’ असे आपण अजून म्हणतो, ती हीच पै. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली आणि आठ आण्यांची अधेली. इंग्रजी अमलात पैशावर ‘एक चतुर्थांश आणा’ असे लिहिलेले असे. पुढे १९५७ मध्ये दशमान पद्धत आली, तेव्हा जुन्या पैशापासून ओळखू यावा म्हणून नव्या नाण्याला ‘नवा पैसा’ म्हणू लागले. १९६४ मध्ये त्यातले ‘नवा’ गळाले.

भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ या पाच वर्षांतला आहे. त्याच्या एका बाजूला मुकुट आणि दुसऱ्या बाजूला पानांची महिरप असते. त्याला भोक का पाडले? दुसरे महायुद्ध चालू होते. काडतुसांची कवचे पितळेची करतात आणि पितळेत तांब्याचा भाग मोठा असतो. त्यामुळे नाण्यांसाठी तांबे पुरेना. १९४२ पर्यंतचा पैसा ४.८६ ग्रॅम वजनाचा होता. नवा, लहान आणि भोकाचा पैसा भरला सुमारे १.९५ ग्रॅम. भागाकार करून पाहा: जुन्या एका पैशाच्या धातूत नवे अडीच पैसे होतात. असे पैसे टांकसाळींनी कोट्यवधी पाडले. लोकांनी ते करदोट्यात ओवून लहान मुलांच्या कमरेला बांधले, कोणी चकती म्हणून बोल्टाखाली बसवले, आणि बाकीचे डब्यांत राहिले.

‘कोट्यवधी’ हा शब्द लक्षात ठेवा. पाच लाखांचे उत्तर त्याच शब्दात दडले आहे.

जुने ते महाग नव्हे

नाणे जुने म्हणून त्याला किंमत येते, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. किंमत ठरते ती तीन गोष्टींनी: अशी किती नाणी शिल्लक आहेत, हातातले नाणे कोणत्या अवस्थेत आहे, आणि ते हवे असणारे संग्राहक किती आहेत. वयाचा संबंध येतो तो या तिन्हींच्या मागून.

उदाहरण घ्या. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया फार दुर्मिळ आहे. संग्राहक त्याच्यासाठी मोठी रक्कम मोजतात, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही पुष्कळ होतात. त्याच्याहून जवळजवळ शंभर वर्षांनी जुना असलेला, १८४० हे साल असलेला व्हिक्टोरियाचा रुपया मात्र सराफाकडेही सहज दिसतो. इंग्लंडमध्ये तर याहून मोठी गंमत आहे. १९३३ साली तेथे पेन्या पुरेशा शिल्लक असल्यामुळे चलनासाठी नवीन पाडल्याच नाहीत. इमारतींच्या पायाभरणीत वगैरे ठेवण्यासाठी मोजक्याच काढल्या. आज त्यांपैकी सातेक ज्ञात आहेत आणि त्यांची किंमत प्रचंड आहे. त्याच वजनाची व त्याच धातूची, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली झिजलेली पेनी मात्र तेथे चिल्लरीच्या मोलाने मिळते.

आमच्या भोकाच्या पैशाला शोभेल असे उदाहरण अमेरिकेचे आहे. त्याच १९४३ साली, त्याच युद्धामुळे अमेरिकेने आपला सेंट तांब्याऐवजी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा केला. टांकसाळीत चुकून थोडे सेंट जुन्या ब्राँझच्या चकत्यांवर छापले गेले, आणि ते अतिशय मोलाचे ठरले. मग लबाड लोकांनी साध्या पोलादी सेंटला तांब्याचा मुलामा देऊन विकायला सुरुवात केली. ही लबाडी ओळखायला साधा लोहचुंबक पुरतो. पोलाद चिकटते, ब्राँझ चिकटत नाही.

पाहिलेत? एकाच वर्षी, एकाच कारणाने दोन देशांत नाणी बदलली. एके ठिकाणी मूठभर चुकीची नाणी पडली, म्हणून ती महाग झाली. आपल्याकडे कोट्यवधी बरोबर नाणी पडली. नाणी विकणाऱ्याकडे भोकाचा साधा, वापरलेला पैसा आजही थोड्याच रुपयांना मिळतो. बारीक पाहिले तर साल आणि टांकसाळ यांनी थोडा फरक पडतो. मुंबईच्या नाण्यांवर बहुधा सालाजवळ बारीक टिंब किंवा चौकटच्या आकाराची खूण असते, कलकत्त्याच्या नाण्यांवर सहसा काहीच नसते. पण त्यासाठी भिंग आणि नाण्यांची सूची हवी, आणि फरकही लाखांचा नसतो.

काटा, पाणी आणि लोहचुंबक

नाणे काय आहे हे सांगायला त्यावरची अक्षरे पुरत नाहीत. अक्षरे कोणीही खोदू शकतो. धातूचे वजन आणि घनता यांना फसवणे तितके सोपे नाही. म्हणून आम्ही प्रयोगशाळेतला इलेक्ट्रॉनिक काटा काढला. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा असावा. सराफाच्या दुकानात असतो तसला.

करून पाहा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणे दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला वा कडेला टेकू देऊ नका. दोरा हातात किंवा स्टँडवर असू द्या. काटा आता जो आकडा दाखवील, तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. एक घन सेंटिमीटर पाण्याचे वस्तुमान एक ग्रॅम, म्हणून ग्रॅममधला हा आकडा म्हणजेच नाण्याचे घनफळ घन सेंटिमीटरमध्ये. नाण्याचे कोरडे वजन त्याने भागले की घनता आली. आर्किमिडीजच्या तत्त्वाचा हा सर्वांत स्वस्त प्रयोग आहे. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटू देऊ नका, एवढी काळजी घ्या.

भोकाच्या एका पैशावर हा प्रयोग नीट होत नाही. त्याचे घनफळ ०.२२ घन सेंटिमीटर, त्यात ०.०१ ची चूक झाली तरी उत्तर पाच टक्क्यांनी हुकते. येथे भोक उपयोगी पडले. आम्ही दहा पैसे एका दोऱ्यात ओवले आणि माळेसारखे, पण एकमेकांना चिकटणार नाहीत असे सैल, एकदम बुडवले. दहांचे वजन १९.५ ग्रॅम, पाण्यातला आकडा २.२०. भागाकार ८.८६. तांब्याची घनता ८.९६ आहे. ९५ भाग तांबे, ४ भाग कथील आणि १ भाग जस्त या नाण्यांच्या ब्राँझची त्याहून किंचित कमी. पैसे अस्सल ठरले! मोबाईलवरचा गृहस्थ ‘अस्सल आहे’ म्हणाला ते खरेच होते. लबाडी नाण्यात नव्हती.

मग देव्हाऱ्याजवळचे रामाचे नाणे घेतले. वजन ११.२ ग्रॅम, पाण्यातला आकडा १.३३. घनता ८.४. हे तांबे नव्हे, पितळ. भिंगातून पाहिले तर अक्षरांच्या कडा बोथट, पृष्ठभागावर बारीक खड्डे. छाप मारलेल्या नाण्याच्या कडा तीक्ष्ण असतात, खड्डे ओतकामात पडतात. कंपनीचे १८३५ पूर्वीचे मुंबई इलाख्यातले पैसे खरोखर आहेत, पण १८३० च्या सुमाराच्या त्या पैशांवर तराजूचे चित्र असते. मद्रासकडे कंपनीने पाडलेल्या होनांवर देवाची आकृती असे, परंतु ते लहानसे आणि सोन्याचे. एका बाजूला रामपंचायतन आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीत आणे व कंपनीचे नाव, असे चलनी नाणे कंपनीने काढले नाही. ही पूजेसाठी किंवा यात्रेकरूंसाठी मागाहून केलेली पदके होत, आणि आता तर ती फसवणुकीसाठीही होतात. आजीने ते देव्हाऱ्याजवळ ठेवले होते, ते एका अर्थी योग्यच होते. ते ठेवण्याची जागा तीच.

याच नाण्यांच्या नावाने आणखी एक गोष्ट पसरवतात, ती येथेच सांगून टाकतो. ‘हे तांब्याचे नाणे तांदळाचे दाणे ओढून घेते, त्यात दैवी किंवा किरणोत्सर्गी शक्ती आहे, परदेशातल्या संस्था कोट्यवधी देतात,’ असे सांगून महाराष्ट्रात व बाहेरही अनेकांना बुडवले गेले आहे. तांबे, ब्राँझ, पितळ यांपैकी काहीही तांदूळ ओढत नाही. ओढताना दाखवतात, तेव्हा दाण्यांना लोहचूर्ण फासलेले असते आणि नाण्यात किंवा खाली लोहचुंबक लपवलेला असतो. किरणोत्सर्गाचा व तांदळाचा तर काडीचाही संबंध नाही.

लोहचुंबक मात्र संग्राहकाने जवळ ठेवावाच. १९४७ सालचा, मागे वाघ असलेला सहाव्या जॉर्जचा रुपया निकेलचा आहे, तो चुंबकाला चिकटतो. चांदीचा रुपया कधीही चिकटत नाही. घरात चांदीचे रुपये असतील तर सालही पाहा. १९४० पूर्वीच्या रुपयात ११.६६ ग्रॅमपैकी ९१.७ टक्के, म्हणजे १०.६९ ग्रॅम चांदी असते. १९४० मध्ये प्रमाण निम्म्यावर आले. १९४५ च्या रुपयात चांदी ५.८३ ग्रॅमच. दोन्ही रुपये सारख्याच वजनाचे आणि दिसायलाही जवळजवळ सारखे. मोडायला गेलेल्या पुष्कळ घरांचे यात नुकसान झाले आहे, कारण विकणाऱ्याला ठाऊक नसते आणि घेणाऱ्याला असते.

चिंचेने केलेले नुकसान

आता एक वाईट बातमी. ‘शिव’ अक्षरांचा जाड पैसा त्याने मला दाखवण्यापूर्वी चिंच आणि मीठ लावून चकचकीत केला होता. डाळिंबी रंगाचा, भांड्यासारखा लखलखीत. व्हिक्टोरियाच्या पैशाचेही तसेच. माझ्यासमोर नाणी चांगली दिसावीत म्हणून त्याने रात्री बसून घासली होती. त्याला काय बोलणार?

तांब्यावर हवेतल्या ऑक्सिजनची क्रिया होऊन तपकिरी थर जमतो. हा मुख्यतः क्युप्रस ऑक्साइडचा असतो आणि तो दाट बसला की आतल्या धातूचे रक्षण करतो. चिंचेतले टार्टारिक आम्ल किंवा लिंबातले सायट्रिक आम्ल हा थर विरघळवते, म्हणून तांब्याची भांडी चिंचेने उजळतात. भांड्याचे ठीक आहे, ते पुन्हा उद्या घासायचे असते. नाण्यावरचा थर जमायला शंभर-दीडशे वर्षे लागलेली असतात. त्याच्याबरोबर अक्षरांच्या कडाही घासल्या जातात. असे घासलेले नाणे संग्राहक लांबूनच ओळखतो आणि बाजूला सारतो. किंमत निम्म्याहूनही खाली येते.

मिठाचे प्रकरण त्याहून वाईट. मिठातले क्लोराइड धातूच्या बारीक छिद्रांत उरते. ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की तांब्याचे क्लोराइड बनते, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते, ते पुन्हा तांबे खाते, पुन्हा क्लोराइड होते. ही साखळी आपली आपण चालू राहते. फिकट हिरवी, खडूसारखी भुकटी दिसू लागते आणि बोटाने ती निघतेही. संग्राहक याला ब्राँझचा रोग म्हणतात. गुळगुळीत, घट्ट बसलेला गडद हिरवा थर मात्र रोग नव्हे. त्याला हात लावू नये.

तेव्हा नाणे मळलेले असेल तर शुद्ध (ऊर्ध्वपातित) पाण्यात ठेवावे, मऊ सुती फडक्याने न घासता टिपावे आणि पूर्ण वाळू द्यावे. राख, भांडी घासायची पूड, टूथपेस्ट, शाईचे खोडरबर, यांतले काहीही लावू नये. धरताना कडेला धरावे, कारण बोटांच्या घामातही मीठ असते. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या टाळाव्यात. कालांतराने त्यांतून निघणारे पदार्थ नाण्यावर हिरवा चिकट थर आणतात. सोलापूरची हवा कोरडी, हे आपले भाग्यच. कोकणातल्या संग्राहकाला विचारा.

अवस्था कशी पाहावी?

एकाच सालचे, एकाच टांकसाळीचे दोन पैसे, आणि एकाची किंमत दुसऱ्याच्या दहापट. हे अवस्थेमुळे होते. नाण्याचा जो भाग सर्वांत उंच, तो आधी झिजतो. राजाच्या मुखवट्यात मुकुटावरची नक्षी, भुवई आणि दाढीचे केस पाहावेत. भोकाच्या पैशात मुकुटावरचे बारीक काम आणि पानांच्या शिरा. शिरा गेल्या असतील तर नाणे पुष्कळ हातांतून गेले आहे. संग्राहक याला ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रीमली फाइन’ अशी नावे देतात आणि मुळीच न वापरलेल्याला ‘अनसर्क्युलेटेड’. नावावरून फसू नका. ‘फाइन’ म्हणजे बऱ्यापैकी झिजलेले! पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते फार चांगले वाटते.

एकवीस पैशांमधला एक कागदाच्या घडीत वेगळा निघाला. शिरा सगळ्या होत्या, आणि पानांच्या खोबणीत टांकसाळीतून आला तेव्हाची तांबूस झळाळी अजून होती. चिंचेच्या झळाळीपेक्षा ती निराळी: भिंगाखाली ती उतरत्या उन्हासारखी फिरते, घासलेले नाणे सगळीकडे सारखेच गुलाबी दिसते. डब्यातला सर्वांत चांगला पैसा हाच. घासण्याच्या वेळी तो घडीत होता म्हणून वाचला.

सोलापूरच्या डब्यात आणखी काय सापडते?

सोलापूर हे सरहद्दीचे गाव. पूर्वेला तुळजापूर, नळदुर्ग हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि निजामाचे स्वतःचे चलन होते. त्याला ‘हाली’ म्हणत. बाजाराच्या दिवशी दोन्ही चलने हातात येत असणार. आमच्या डब्यातली उर्दूसारखी अक्षरे असलेली दोन नाणी म्हणजे निजामाच्या दोन पै. त्यांवर हिजरी सन फार्सी अंकांत असतो. हे अंक शिकायला अर्धा तास पुरतो. एक म्हणजे उभी रेघ, शून्य म्हणजे नुसते टिंब, आणि गोलसर बदामासारखे दिसते ते शून्य नव्हे, पाच. येथे बहुतेक जण चुकतात. हिजरी वर्ष चांद्र असल्याने आपल्या सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. म्हणून हिजरी सनाला ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळवावेत. आमच्या एका नाण्यावर १३४४ होते. १३४४ गुणिले ०.९७ म्हणजे १३०३.६८. त्यात ६२२ मिळवून १९२५.६८. नाणे १९२५-२६ चे. किंमत फार नाही, पण विद्यार्थ्याने ते स्वतः वाचले.

जाड पैसा शिवराई आहे. ‘हा महाराजांच्या हातचा’ असे घरात मानले जात होते. शिवराई शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकापासूनची हे खरे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. परंतु हीच अक्षरे पुढे पेशवाईतही ठिकठिकाणच्या टांकसाळींनी पाडली, कारण लोकांचा त्या नाण्यावर विश्वास होता. आपल्या नाण्यावर ओळींमध्ये दोन समांतर रेघा आहेत. याला दुदांडी शिवराई म्हणतात, आणि ती पेशवेकालीन. वजन ८.६ ग्रॅम. सुरुवातीच्या शिवराया सामान्यतः याहून जड असतात. छाप मोठा आणि तांब्याची चकती लहान, म्हणून सगळी अक्षरे एका नाण्यावर क्वचितच येतात, आणि ज्यावर येतात ती शिवराई अधिक मोलाची. मुलाचा चेहरा थोडा उतरला. पण अडीचशे वर्षांपूर्वी कोणी या पैशाने मीठ-मिरची आणली असेल, हे काय कमी आहे?

सोलापूर हे नाव स्वतःही नाण्यावर आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. १६८५ मध्ये विजापूरच्या वेढ्याच्या काळात औरंगजेबाचा तळ येथे होता, आणि त्याच्या कारकिर्दीत ‘शोलापूर’ टांकसाळीचे रुपये पडले. ते आमच्या डब्यात नव्हते, हे सांगायला नको. शेतात किंवा पाया खणताना असे काही सापडले तर ते आपोआप सापडणाऱ्याचे होत नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा, जमिनीत पुरलेला ठेवा सापडल्यास तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. शंभर वर्षांहून जुनी नाणी परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवणे हाही १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे.

राजाच्या मुखवट्याच्या नऊ पैशांत एक १९३० चा निघाला. त्या वर्षी मे महिन्यात सोलापूर पेटले होते. इंग्रजांनी येथे लष्करी कायदा लावला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी दिले. नाणेवाला या पैशाला वेगळी किंमत देणार नाही, तो इतर आठांसारखाच सामान्य आहे. मुलाने तो स्वतःसाठी ठेवला.

मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत

संध्याकाळी वडील शाळेत आले. मी त्यांच्यापुढे काटा ठेवला नाही, फक्त एक प्रश्न विचारला. पाच लाखांचे नाणे विकत घेणारा माणूस तुमच्याकडून काही हजार का मागतो? घेणाऱ्याने पैसे द्यायचे असतात. रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना इशारा दिला होता की, जुन्या नोटा व नाण्यांच्या व्यवहारात बँक कसलेही शुल्क किंवा दलाली घेत नाही आणि तसा अधिकार तिने कोणाला दिलेला नाही.

“पण सर, त्या चित्रफितीत किंमत लिहिली होती,” ते म्हणाले.

मी म्हटले, मंगळवारच्या बाजारात मीही माझ्या जुन्या सायकलीवर एक लाखाची पाटी लावू शकतो. पाटी ही मागितलेली किंमत. खरी किंमत म्हणजे कोणीतरी मोजून दिलेली. ती नाण्यांच्या लिलावांच्या निकालांत दिसते, आणि सूचीतल्या किमतीपेक्षाही विक्रेता तुमच्याकडून घेताना कमी देतो, कारण त्यालाही दुकान चालवायचे असते. एका जाणकाराचे न ऐकता दोन-तीन ठिकाणी विचारावे.

अडतीस नाण्यांची मिळून बाजारातली किंमत काही शेकड्यांत जाईल, एवढे मी सांगितले. वडिलांनी मान हलवली. नोंदणी शुल्क पाठवले नाही.

विद्यार्थ्याने आता एक वही केली आहे. नाणे, साल, टांकसाळीची खूण, वजन, व्यास, घनता, चुंबक, अवस्था, कोठून आले, असे रकाने आहेत. पांढऱ्या कागदाची पाकिटे त्याने स्वतः चिकटवली. रामाचे नाणे पुन्हा देव्हाऱ्याजवळ गेले. चिंच-मीठ लावलेली शिवराई त्याने ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून, पाणी रोज बदलून, वाळवून वेगळ्या पाकिटात ठेवली आहे, आणि दर रविवारी भिंगाने पाहतो. महिना झाला. हिरवी भुकटी अजून दिसलेली नाही.